पॅनेल उडू नये म्हणून किती वजन?

गच्चीवरच्या सगळ्या सौर पॅनेलखाली सरसकट सारखेच काँक्रीटचे ठोकळे ठेवणे हा हिशेब नव्हे, अंदाज आहे. वाऱ्याच्या भाराचे भारतीय मानक आयएस ८७५ (भाग ३) यानुसार वाऱ्याचा मूळ वेग पुण्यात सेकंदाला ३९ मीटर, मुंबईत ४४. फरक किरकोळ वाटतो. पण दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणून मुंबईत तो सुमारे २७ टक्के जास्त, चौरस मीटरला अंदाजे ११८ किलो भरतो. मानकातले सगळे गुणक १ धरले, तरी हा दाब वर उचलू नये म्हणून दोन चौरस मीटरच्या, २५ किलोच्या पॅनेलला आणखी २१० किलो हवेत. सुरक्षिततेची भर वेगळीच.

मग ठोकळे वाढवा, असे कोणी म्हणेल. पण वापरातल्या गच्चीसाठी धरलेला चल भार (माणसे, सामान यांचे वजन) चौरस मीटरला जेमतेम १५० किलो. त्यातला मोठा वाटा ठोकळ्यांनीच खाल्ला तर माणसांनी उभे कुठे राहायचे? बोल्ट मारावेत तर वॉटरप्रूफिंगला भोके पडतात, हेही खरेच. त्यापेक्षा पॅनेलचा कोन कमी करावा: वीज थोडी घटते, वाऱ्याची उचल बरीच. कडेला आणि कोपऱ्यांत मात्र वारा अधिक ओढतो, तिथे जादा वजन लागतेच. स्ट्रक्चरल इंजिनिअरने स्लॅब तपासल्याशिवाय ठेकेदाराला पहिला ठोकळाही वर चढवू देऊ नका.