मापाआधीची तयारी

बेळगावच्या उद्यमबागेत ओतकाम करणाऱ्या व यंत्रांचे सुटे भाग घडविणाऱ्या कारखान्यांवर आपल्यातील अनेक घरे चालतात. तेथे कारागिराच्या श्रमाचे मोल अखेरीस ठरते ते मापनयंत्रावर. त्या यंत्राची शिस्त घरातील तरुणांनी जाणून घ्यावी, असे आम्हांस वाटते.

मापनाचे आंतरराष्ट्रीय प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस आहे. एक मीटर लांबीचे पोलाद दर अंशामागे सुमारे ११.५ मायक्रॉन वाढते. २०० मिलिमीटरचा दांडा ३५ अंशांवर असताना, तापमानाची दुरुस्ती न करता मोजला, तर तो सुमारे ०.०३५ मिलिमीटर अधिक भरतो. टॉलरन्स ०.०२ मिलिमीटरचा असेल, तर निर्दोष जॉब भंगारात जातो आणि आखूड जॉब बिनबोभाट पुढे सरकतो.

यास्तव जॉबवरील तेल, कीस व कडेची बर प्रथम काढावी. मग तापमान स्थिरावेपर्यंत तो मापनकक्षात ठेवावा. जड जॉबला कित्येक तास लागतात. यंत्राचा प्रोब प्रमाणगोलावर तपासावा. जॉब पक्का बसावा, परंतु आवळल्याने वाकू नये. तीन बिंदूंवरून वर्तुळ निघते खरे, पण छिद्र वाटोळे आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. म्हणून बिंदू अधिक घ्यावेत. शेवटी माप पुन्हा घेऊन पडताळावे.

आकड्याशेजारी तापमान व वेळही नोंदवावी. उद्या जॉब परत आला, तर कारागिराची बाजू तोच कागद मांडील.