हॉस्पिस निवडताना काय पाहावे, काय विचारावे

आजार आता बरा होणार नाही असे डॉक्टरांनी सांगितले, तरी घरच्यांची धावपळ थांबत नाही, फक्त तिची दिशा बदलते. केमो, ऑपरेशन, दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला हे मागे पडते आणि रात्रभर कण्हणारे माणूस, वास येणारी जखम, तुटलेले जेवण हे प्रश्न पुढ्यात येतात. मग कोणीतरी हॉस्पिसचे नाव सुचवते. नातेवाईक जाऊन फरशी, खाटा, बाग, संडास-बाथरूम पाहून येतात. ते पाहावेच. पण हॉस्पिसचा कस लागतो तो रुग्णाच्या वेदनेपाशी. तिथे ती लवकर ओळखतात का, खात्रीने कमी करतात का, आणि रात्री दोन वाजता ती उसळली तर धावून कोण येते? पुढचे सगळे प्रश्न या एका कसोटीतून निघाले आहेत.

हॉस्पिस म्हणजे काय

आधुनिक हॉस्पिसची सुरुवात १९६७ साली लंडनमध्ये झाली. डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभे केले. माणसाचे दुखणे केवळ शरीराचे नसते, त्यात मनाची भीती, घरची काळजी आणि ‘माझ्याच वाट्याला का’ हा प्रश्नही मिसळलेला असतो, हा विचार त्यांनी मांडला. भारतातले पहिले हॉस्पिस मुंबईत, वांद्र्याला, १९८६ साली सुरू झाले. डॉ. एल. जे. डिसोझा यांनी स्थापन केलेल्या या शांती अवेदना सदनाच्या शाखा गोव्यात लोटलीला आणि दिल्लीतही आहेत. पुण्यात वारजे इथे सिप्लाचे पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून चालते. टाटा मेमोरियल रुग्णालयाचा पॅलिएटिव्ह मेडिसिन विभाग मुंबईतल्या रुग्णांच्या घरी जाऊनही सेवा देतो.

हॉस्पिस म्हणजे वृद्धाश्रम नव्हे आणि चोवीस तासांची आया पुरवणारा ब्यूरोही नव्हे. त्रास कमी करणारे उपचार, म्हणजे पॅलिएटिव्ह केअर, निदान झाल्या दिवसापासून मूळ उपचारांच्या जोडीने घेता येतात. हॉस्पिस हा त्यातला शेवटच्या काही महिन्यांचा टप्पा आहे. ‘तिकडे नेले म्हणजे संपले’ या समजुतीने लोक अखेरच्या चार-दोन दिवसांत रुग्णाला घेऊन येतात आणि आधीचे कितीतरी आठवडे तो विनाकारण सोसत राहतो.

चौकशी आपल्यालाच का करावी लागते

अमेरिकेत मेडिकेअर ही सरकारी विमा योजना हॉस्पिसची तुलनात्मक माहिती जाहीर करते. मृत रुग्णांच्या नातेवाइकांना कसा अनुभव आला याचे सर्वेक्षणही त्यात असते. तिथे आई-वडिलांसाठी हॉस्पिस शोधणाऱ्या मराठी कुटुंबांनी ती माहिती आधी पाहावी. आपल्याकडे अशी तयार यादी हाताशी नाही. शिवाय सेवेचा दर्जा ठिकाणागणिक बदलतो. केरळने २००८ साली पॅलिएटिव्ह केअरचे स्वतंत्र धोरण आणले आणि गावोगावी स्वयंसेवक तयार केले. पण २०१५ साली इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिटने ८० देशांमधल्या अंतकाळच्या सेवेची तुलना केली, तेव्हा भारत ६७व्या क्रमांकावर होता. म्हणून नावावर विसंबू नये, स्वतः जाऊन विचारावे.

पहिला प्रश्न मॉर्फिनचा

‘तुमच्याकडे तोंडाने घ्यायच्या मॉर्फिनच्या गोळ्या कायम असतात का?’ हा प्रश्न सर्वात आधी विचारा. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर हे स्वस्त आणि भरवशाचे औषध आहे. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातल्या जाचक परवान्यांमुळे ते वर्षानुवर्षे दुर्मीळ राहिले. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना मॉर्फिन ठेवणे पुष्कळ सोपे झाले. ज्या केंद्राकडे ही मान्यता नाही आणि मॉर्फिन मिळवण्याची दुसरी पक्की सोयही नाही, ते केंद्र तीव्र वेदनेपुढे हतबल ठरते.

उत्तर ‘हो’ आले तरी पुढे विचारा, ‘कसे देता?’ साध्या मॉर्फिनचा असर साधारण चार तास टिकतो. त्यामुळे ते घड्याळ लावून द्यावे लागते: सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दहा. रात्रीची मात्रा बहुधा दुप्पट देतात, म्हणजे झोपमोड होत नाही. मधल्या वेळेत कळ आलीच तर द्यायची जादा मात्रा डॉक्टरांनी आधीच लिहून ठेवलेली असते. मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतोच, म्हणून पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून सोबत सुरू होते. सुरुवातीला मळमळ आणि गुंगी येते, ती बहुतेकांना काही दिवसांत कमी होते. मूत्रपिंड अधू असेल तर मात्रेत बदल करतात. हे सगळे तिथल्या नर्सने न अडखळता सांगितले तर समजा, इथे हे रोजचे काम आहे. ‘दुखलं की देतो’ एवढ्यावर उत्तर संपले तर सावध व्हा. वेदनेची वाट पाहत बसणे ही चुकीची पद्धत आहे.

‘मॉर्फिन सुरू केले की माणूस लवकर जातो’ ही भीती घरोघरी असते. योग्य मात्रेत, हळूहळू वाढवत दिलेले मॉर्फिन आयुष्य कमी करत नाही. चांगले हॉस्पिस ही गोष्ट घरच्यांना बसवून समजावते.

वेदना मोजतात का, लिहितात का

शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे असह्य. या मापाने रुग्णालाच विचारून दिवसातून अनेकदा आकडा लिहिला गेला पाहिजे. रुग्णाला बोलता येत नसेल तर चेहरा, कण्हणे, अंग आखडणे यांवरून नोंद होते. वेदनेच्या नोंदीचा कोरा कागद दाखवायला सांगा. औषध दिल्यानंतर तासाभराने आकडा किती झाला, याचा रकाना त्यात आहे का? तो नसेल तर औषध दिले जाते, पण ते लागू पडले की नाही हे कोणी पाहत नाही.

सगळी वेदना एका औषधाने जात नाही. नस दबल्याने होणाऱ्या जळजळीला वेगळ्या गोळ्या लागतात. हाडात पसरलेल्या कर्करोगाच्या दुखण्याला किरणोपचाराच्या एका मात्रेनेही बराच उतार पडू शकतो, म्हणून गरज पडल्यास रुग्णाला मोठ्या रुग्णालयात नेऊन आणण्याची सोय आहे का तेही विचारा. धाप, उलटी, उचकी, झोप न येणे आणि शेवटच्या दिवसांतली तगमग यांवर काय करतात याचीही चौकशी करा.

खाटेजवळ उभे राहून पाहा

तंबाखूमुळे आपल्याकडे तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण फार. गालावर फुटलेल्या गाठीचा वास खोलीभर पसरतो, माणसे दारातूनच परत फिरतात आणि रुग्ण आपले तोंड भिंतीकडे वळवतो. हा वास आटोक्यात आणता येतो. जखम सलाइनच्या पाण्याने धुऊन मेट्रोनिडाझोलच्या गोळीची पूड तिच्यावर पेरली तर काही दिवसांत वास कमी होतो. खर्च अगदी किरकोळ असतो. असे रुग्ण असलेल्या खोलीत शिरताना वास दडपण्यासाठी नुसता फिनाइल-अगरबत्तीचा मारा जाणवला, तर जखमेकडे लक्ष नाही हे ओळखा.

खाटेवरच्या माणसाचे ओठ कोरडे आणि जीभ पांढरी पडलेली आहे का? नखे कापलेली आहेत का? कूस दर दोन तासांनी बदलल्याची नोंद खाटेपाशी लावलेली आहे का? पाठीला, माकडहाडाला बेडसोर होऊ नये म्हणून एअर बेड आहे का? लघवीची पिशवी जमिनीवर लोळते आहे का? अंग पुसताना मावशी पडदा ओढतात का आणि रुग्णाला नावाने, ‘काका’, ‘आजी’ म्हणून हाक मारतात की ‘तीन नंबरची खाट’ म्हणतात, हेही कान देऊन ऐका. भेटीची वेळ ठरवून गेलात तरी एकदा न सांगता, संध्याकाळी उशिरा जाऊन या.

घरी येणारी सेवा

बऱ्याच जणांना शेवटचे दिवस स्वतःच्या घरात, स्वतःच्या अंथरुणावर काढायचे असतात. हॉस्पिसचे पथक घरी येत असेल तर कोणत्या भागापर्यंत, आठवड्यातून किती वेळा, डॉक्टर येतात की फक्त नर्स, हे विचारून घ्या. रात्रीचा फोन कोण उचलते? तो नंबर घेऊन एका रात्री लावून पाहा. पलीकडे प्रशिक्षित माणूस असला, तर ‘आता या दोन गोळ्या द्या, डोके उंच करा, अर्ध्या तासाने मला सांगा’ असे बोलणारे कोणीतरी भेटते. ‘दवाखान्यात न्या’ एवढेच सांगायला हॉस्पिस लागत नाही.

चांगले पथक घरच्यांना शिकवते. कूस कशी बदलायची, तोंड कसे पुसायचे, श्वासाची घरघर सुरू झाली तर घाबरून न जाता काय करायचे, हे सगळे ते दाखवून देते. अवघड प्रसंगासाठी लागणारी औषधे ते नावे घालून घरात ठेवून जाते. एक व्यावहारिक प्रश्नही आधीच विचारा: घरी मृत्यू झाला तर दाखला कोण देईल? घरच्या मृत्यूसाठी डॉक्टर नमुना ४-अ भरून देतात. हे ठरलेले नसले की दुःखाच्या घडीला कुटुंबाला दारोदार फिरावे लागते.

माणसे आणि नोंदणी

डॉक्टरांनी पॅलिएटिव्ह केअरचे प्रशिक्षण घेतले आहे का ते विचारा. टाटा मेमोरियलमध्ये २०१२ पासून या विषयात एमडी करता येते, तिरुवनंतपुरमच्या पॅलियम इंडियासारख्या संस्था छोटे अभ्यासक्रमही चालवतात. परिचारिका नर्सिंग कौन्सिलकडे नोंदलेल्या असाव्यात. आयाबाई आणि मावशी कितीही मायाळू असल्या तरी त्या नर्सची जागा घेऊ शकत नाहीत. रात्रपाळीला किती रुग्णांमागे किती नर्स, हा आकडा मागा. समुपदेशक आहे का, आणि मृत्यूनंतर कुटुंबाची विचारपूस करायला कोणी फोन करते का, हेही पाहा. केंद्राची नर्सिंग होम कायद्याखालची नोंदणी पाहायला मागण्यात संकोच नको.

रुग्णाशी कोण बोलते

‘बाबांना काही सांगू नका’ असे आपण डॉक्टरांना पटकन सांगून टाकतो. बाबांना पुष्कळदा सगळे कळलेले असते आणि आपल्याला वाईट वाटू नये म्हणून तेही गप्प असतात. चांगल्या हॉस्पिसमध्ये समुपदेशक ही कोंडी हळुवारपणे फोडतो. रुग्णाला किती जाणून घ्यायचे आहे, हे तो रुग्णालाच विचारतो. अखेरच्या काळात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणाऱ्या जीवनविषयक इच्छापत्राला (लिव्हिंग विल) सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्यता दिली आणि २०२३ साली त्याची पद्धत सोपी केली. आता ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करता येते. हॉस्पिसला याची माहिती असली पाहिजे आणि रुग्णाने ‘नळ्या नकोत’ म्हटले असेल तर ते पाळलेही गेले पाहिजे. शेवटच्या दिवसांत भूक आपोआप मंदावते. जबरदस्तीने भरवू नये, हे घरच्यांना समजावणे हेही हॉस्पिसचेच काम आहे. नमाज, प्रार्थना, हरिपाठ किंवा काहीच नको, यांतले रुग्णाला जे हवे ते तिथे विनासायास झाले पाहिजे.

पैसे आणि अटी

शांती अवेदना सदन आणि पुण्याचे सिप्ला केंद्र विनामूल्य सेवा देतात, तेव्हा फुकट म्हणजे हलके असे समजू नका. पैसे घेणाऱ्या केंद्राकडून डायपर, ऑक्सिजन, औषधे, रुग्णवाहिका, नातेवाइकाचे जेवण यांतले काय दरात धरले आहे ते लेखी घ्या. काही ठिकाणी फक्त कर्करोगाचे रुग्ण घेतात, तर काही ठिकाणी त्रास आटोक्यात आला की घरी पाठवतात. मूत्रपिंड निकामी झालेल्या किंवा स्मृतिभ्रंशाच्या रुग्णासाठी जागा आहे का, हे फोनवरच विचारून घ्या.

सावध कधी व्हावे

आजार बरा करण्याचे आश्वासन दिले जात असेल, आधी मोठी अनामत मागितली जात असेल, रुग्णाला पाहण्यापूर्वीच महिन्याचा दर सांगितला जात असेल, नातेवाइकांना रात्री थांबू देत नसतील किंवा वेदनेवरच्या प्रश्नांना उडवाउडवीची उत्तरे मिळत असतील, तर दुसरे ठिकाण बघा. दाखल केल्यानंतरही मत बदलता येते. पहिल्या दोन-तीन दिवसांत वेदनेचा आकडा खाली आला नाही तर डॉक्टरांना भेटून स्पष्ट विचारा. समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर रुग्णाला हलवण्याचा हक्क तुम्हाला आहे.

ही चौकशी रुग्णाला स्वतः बोलता येत असतानाच सुरू करा, शक्य असेल तर त्यालाही सोबत न्या. शेवटच्या आठवड्यात घाईने घेतलेल्या निर्णयात हे प्रश्न विचारायला कोणालाच सवड नसते. आणि इतके करून एकच गोष्ट विचारणे जमले, तर मॉर्फिनचे विचारा. बाकीच्या बहुतेक गोष्टी त्या उत्तरावरून कळतात.