भात माशाला राखतो

काशीदच्या किनाऱ्यामागे, सुरूच्या बनापलीकडे, घरगुती जेवण देणाऱ्या खानावळी आहेत. तिथलं मासळीचं ताट नीट पाहा. तांदळाच्या दोन भाकऱ्या, भाताची मूद, वाटीभर रस्सा, रवा लावून तळलेली सुरमईची एक तुकडी, कडेला सुकटीची चटणी आणि सोलकढी. वजन कमी करायला निघालेला माणूस या ताटावर बसला की पहिल्याप्रथम भात बाजूला सारतो. मला त्या भाताची बाजू घ्यायची आहे, पण त्याआधी ताट मोजायला हवं.

एका भाकरीला पन्नासेक ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे चाळीस ग्रॅम कर्बोदकं आणि जेमतेम साडेतीन ग्रॅम प्रथिनं. दोन भाकऱ्या आणि दोनशे ग्रॅम शिजलेला भात मिळून कर्बोदकं १३५ ग्रॅमच्या घरात जातात. तांदळातून आलेली प्रथिनं मात्र बाराच्या आसपास राहतात. सुरमईची तुकडी ७५ ग्रॅमची धरली तर ती एकटीच १५ ग्रॅम प्रथिनं देते. माशासाठी मागवलेलं हे ताट खरं तर तांदळाचंच आहे. देशभरही चित्र हेच आहे. आयसीएमआर-इंडियाब या पाहणीनुसार भारतीयांच्या रोजच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात आणि प्रथिनांतून १२ टक्क्यांच्या आसपासच.

मग पोट भरूनही तासा-दोन तासांनी शेव-फरसाणाकडे हात का जातो? याचं उत्तर सापडलं ते टोळांमध्ये! स्टीफन सिम्पसन आणि डेव्हिड राउबेनहायमर या दोन शास्त्रज्ञांनी टोळांना प्रथिनं आणि कर्बोदकं वेगवेगळ्या प्रमाणात मिसळलेलं खाणं दिलं. खाण्यात प्रथिनं कमी असली की टोळ त्यांचा वाटा पुरा होईपर्यंत खात राहायचे, मग कर्बोदकं गरजेपेक्षा कितीही जास्त होवोत. बोटाएवढा किडा, पण आपल्या प्रथिनांचा हिशेब चोख ठेवतो. माणसाचंही असंच असावं, हा विचार या दोघांनी २००५ साली मांडला. २०११मध्ये सिडनीत २२ जणांवर तो तपासला गेला. चार-चार दिवस त्यांना चवीला सारखंच, पण प्रथिनांचं प्रमाण बदललेलं जेवण दिलं. प्रथिनं १५ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणली तेव्हा लोकांनी नकळत १२ टक्के जास्त उष्मांक खाल्ले, आणि ते बहुतांशी दोन जेवणांमधल्या चटकमटक खाण्यातून. प्रथिनं २५ टक्के केली तेव्हा खाणं आणखी घटलं मात्र नाही. म्हणजे शरीराला एक ठरावीक वाटा हवा असतो. तो मिळाला की त्याची कुरकुर थांबते.

शरीर हे मोजतं तरी कसं? प्रथिनं आतड्यात पोचली की तिथल्या पेशी जीएलपी-१ आणि पीवायवाय ही संप्रेरकं सोडतात आणि 'पुरे' हा निरोप मेंदूला जातो. वजन घटवणारी जी नवी इंजेक्शनं आज गाजताहेत, ती याच जीएलपी-१ची नक्कल करतात. शिवाय प्रथिनं पचवण्याचा खर्चही मोठा. त्यांच्यातल्या ऊर्जेपैकी २० ते ३० टक्के पचनातच संपते. कर्बोदकांत हा खर्च ५ ते १० टक्केच असतो.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग भात सोडा आणि मासेच खा. इथे मला एका मराठी माणसाची आठवण होते. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, १९११ सालचा जन्म. संख्याशास्त्रज्ञ म्हणून ते रोममधल्या अन्न आणि कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाच्या प्रमुखपदापर्यंत पोचले. १९६०च्या दशकात गरीब देशांत प्रथिनांची भयंकर टंचाई आहे, असं जगभरचे तज्ज्ञ सांगत होते. सुखात्म्यांनी आकडे मांडून वेगळं सांगितलं: उणीव आहे ती मुळात पोटभर अन्नाची. शरीराला आधी ऊर्जा हवी असते. ती अपुरी पडली की खाल्लेली प्रथिनंही जळणासारखी वापरली जातात, शरीर बांधायला उरत नाहीत.

सुखात्मे बोलत होते भुकेल्या माणसाबद्दल. पण वजन घटवणारा माणूसही मुद्दाम, रोज, थोडा उपाशीच राहत असतो, आणि शरीराला त्याचा हेतू कळत नाही. भात, भाकरी सगळं एकदम बंद केलं तर महागाची सुरमई ऊर्जेपायी खर्ची पडते आणि दंड-मांड्यांचे स्नायूही झिजू लागतात. ताटातला थोडा भात माशाला राखतो. मला हे विलक्षण वाटतं. ज्यांना आपण एकमेकांचे वैरी समजून बसलो, ते दोघं एकमेकांचं रक्षण करतात.

भात तोडल्यावर पहिल्या आठवड्यात काटा दोन किलो खाली येतो, त्यानेही हुरळून जाऊ नका. यकृत आणि स्नायू साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात ठेवतात आणि त्याच्या दर ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतात. साठा संपला की पाणी जातं. चरबी जिथल्या तिथे असते. स्टॅनफर्डमध्ये ६०९ जणांवर वर्षभर चाललेल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कमी चरबीचा आहार घेणाऱ्यांचं वजन सरासरी ५.३ किलोने उतरलं आणि कमी कर्बोदकांचा आहार घेणाऱ्यांचं ६ किलोने. फरक नावापुरताच.

तेव्हा वर्ज्य काही नको, प्रमाण बदला. एक भाकरी कमी, एक तुकडी जास्त. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार निरोगी माणसाला शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात. वजन उतरवताना मात्र १.२ ते १.६ ग्रॅम घ्यावीत, असं आहारतज्ज्ञ साधारणपणे सांगतात. जेवणाचा क्रमही बदलून पाहा. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेलमधल्या २०१५च्या एका छोट्या अभ्यासात मधुमेहींनी भाजी आणि प्रथिनं आधी, कर्बोदकं शेवटी खाल्ली, तर जेवणानंतरची रक्तातली साखर बरीच कमी चढली. ताट तेच. फक्त मासा आणि भाजी आधी संपवायची, मग भाताला हात लावायचा.

आणि मासाच हवा असं कुठे आहे? रायगडात भात कापून झाला की जमिनीतल्या उरल्या ओलीवर वाल पेरतात. शंभर ग्रॅम सुक्या वालात चोवीस-पंचवीस ग्रॅम प्रथिनं असतात. तांदळात लायसिन हे अमिनो आम्ल कमी, वालात भरपूर. वालात मेथिओनिन कमी, ते तांदूळ पुरवतो. एकाच शेतात आगेमागे येणारी ही दोन पिकं पानात एकमेकांची उणीव भरून काढतात! थंडीतली पोपटी तर अस्सल प्रथिनांचं जेवण: भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, सगळं मडक्यात भरून जाळावर, तेल नाही, पाणीही नाही. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागल्या की सुके बोंबील आहेतच. ओल्या बोंबलात नऊ-दशांश पाणीच असतं, पण उन्हात वाळला की शंभर ग्रॅममागे साठेक ग्रॅम प्रथिनं देतो. त्यात मीठ फार असू शकतं, म्हणून रक्तदाब असलेल्यांनी तो जपून खावा. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचाराच.

शेवटी, मोजायचं काय? पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच होता, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये दोघांनी आपले फोटो आकड्यांसकट छापले. आपण भारतीय दिसायला बारीक असलो तरी स्नायू कमी आणि चरबी जास्त बाळगतो, हे त्यातून जगाला दिसलं. म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा वजन उचलण्याचा व्यायाम करा, आणि काट्यासोबत कमरेला टेपही लावा. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत असावी आणि स्त्रीची ८०च्या.