नर्सिंगला प्रवेश घेताय? आधी मान्यता पाहा

गेल्या महिन्यात एक शेतकरी आपल्या मुलीला घेऊन माझ्या दवाखान्यात आले. मुलीला झोप नाही, जेवण जात नाही, डोके सारखे दुखते. तपासणीत काहीच दोष सापडला नाही. मग हळूहळू खरे कारण बाहेर आले. बारावीनंतर तिने एका खासगी संस्थेत वर्षभराचा ‘नर्सिंग कोर्स’ केला होता. फीसाठी वडिलांनी दुभती म्हैस विकली. प्रमाणपत्र मिळाले, पण सरकारी भरतीचा अर्ज भरताना नोंदणी क्रमांक विचारला गेला आणि घोडे अडले. त्या प्रमाणपत्रावर नोंदणी होणारच नव्हती. या दुखण्यावर माझ्याकडे गोळी नव्हती.

वाचकहो, प्रशिक्षित नर्स म्हणून काम करायचे तर राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी लागते. आपल्याकडे ती महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल करते. बारावीनंतर तिथवर नेणाऱ्या वाटा मुख्यतः तीन. पहिली ए.एन.एम., 2 वर्षांची. गावच्या उपकेंद्रात गरोदर बायांची तपासणी आणि बाळांचे लसीकरण करणाऱ्या नर्सबाई हेच शिकलेल्या असतात. दुसरी जी.एन.एम., 3 वर्षांची. तिसरी बी.एस्सी. नर्सिंग, 4 वर्षांची. तिला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी घेऊन बारावी झालेली हवी. जी.एन.एम. आणि बी.एस्सी.ला मुलगेही जाऊ शकतात, हे पुष्कळ पालकांना ठाऊक नसते.

‘एवढी वर्षे कशाला?’ असे काहीजण विचारतात. रात्री दोन वाजता रुग्णाचा श्वास वाढला, लघवी कमी झाली, हे प्रथम नर्सच्या लक्षात येते. डॉक्टर त्यानंतर पोहोचतो. लहान मुलाच्या वजनाप्रमाणे औषधाची मात्रा काढायची, सलाईनचे थेंब मोजायचे, नाडी पाहून काय बिघडते आहे ते ओळखायचे, हे फळ्यावर शिकून येत नाही. त्यासाठी वॉर्डात महिनोन्महिने उभे राहावे लागते.

म्हणून फी भरण्यापूर्वी पालकांनी तीन गोष्टी पाहाव्यात. संस्थेला चालू वर्षाची मान्यता आहे का? तोंडी सांगण्यावर विसंबू नये. कागद पाहावा आणि कौन्सिलकडे खात्री करून घ्यावी. दुसरे, विद्यार्थी प्रत्यक्ष काम कोणत्या रुग्णालयात शिकतात? तिथे जाऊन वॉर्ड पाहून यावे. तिसरे, मागच्या वर्षी उत्तीर्ण झालेल्यांची नोंदणी झाली का? त्यांच्यापैकी एखादीला गाठून विचारावे. एक दिवस मोडेल, पण मुलीचे वर्ष वाचेल.

काही महिन्यांचे रुग्णसेवेचे वर्ग अगदीच टाकाऊ असतात असे नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस बदलणे, त्याला अंघोळ घालणे, भरवणे हेही शिकण्यासारखे आणि मानाचे काम आहे. घरोघरी म्हातारी माणसे एकटी पडत चालली आहेत, तेव्हा या कामाला मागणीही आहे. मात्र त्याला नर्सिंग म्हणून फी घेणे ही फसवणूक होय.

त्या मुलीला मी एवढेच सांगितले, ‘तू एकोणीस वर्षांची आहेस. ए.एन.एम.ला जाण्याचे वय अजून गेलेले नाही. या वेळी मात्र आधी कागद बघ.’ परवा तिचे वडील एका संस्थेचे मान्यतापत्र मला दाखवायला घेऊन आले होते. मुलगी आता जेवते, असे म्हणाले.