मध्यरात्री वाजणारा तानपुरा

बालाघाटला आमच्या आजोळी आजीचा तानपुरा आहे, मिरजेचा. आजी गेल्यानंतर तो बैठकीतल्या दिवाणावर पडून असायचा आणि काही रात्री आपोआप वाजायचा. छेडल्यासारखा नव्हे. घूंऽऽ असा धरून ठेवलेला खर्ज, दहा-बारा मिनिटं, मग हळूच गप्प. "सासूबाई रियाजाला बसल्या," असं मामी आधी हसून म्हणायची. पुढे हसणं थांबलं. मामेबहिणीने गाणं शिकणं सोडलं आणि मामाने तानपुरा वैनगंगेत सोडायचं ठरवलं.

मिरजेत हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यं बनवायला घेतली. तिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. असं वाद्य नदीत सोडायचं म्हणजे फारच झालं. मी दोन रात्री दिवाणाशेजारी गादी टाकली.

दुसऱ्या रात्री तो वाजला. मोबाइलवर स्वर मोजला तर सेकंदाला १०० कंपनं, अगदी नेमकी. भूत इतकं नेमकं कशाला असेल? आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. प्रत्येक आवर्तनात मोटारीतलं चुंबकीय ओढणं दोनदा होतं, म्हणून फ्रिजच्या घरघरीत १०० चा स्वर असतो. आणि मामीचा फ्रिज दिवाणाला खेटून उभा!

आजी काळी चारमध्ये गायची. त्या पट्टीतला खर्ज साधारण १०४ कंपनांचा. कुणी हात न लावल्याने तार उतरत उतरत १०० वर आली होती. झोक्याला त्याच्याच लयीत बोटाने ढकललं तरी तो उंच जातो, तसं हे. सतारीच्या तरफाही अशाच न छेडता बोलतात. हवेतल्या ओलाव्याने तार जरा इकडेतिकडे सरकली की मेळ तुटायचा, म्हणून तो रोज वाजत नसे. दिवसा वाजला असला तरी घरच्या गलबल्यात कोण ऐकणार?

फ्रिजचा प्लग काढला, खर्ज विरला. पुन्हा लावला, फ्रिज सुरू झाल्यावर परत आला. खुंटी थोडी पिळली, मग फ्रिज चालू असूनही तार गप्प. मामाने तीनदा करून पाहायला लावलं. मामी म्हणाली, "ते सगळं खरं, पण फ्रिज तिकडेच सरकवा."

गंमत म्हणजे फ्रिजशिवायही तानपुऱ्यात न छेडलेला स्वर असतोच. पंचम, दोन जोडाच्या तारा आणि खर्ज एवढंच लावलेलं असतं. तरी सुरात लागला की त्यातून गंधार ऐकू येतो. खर्जाच्या तारेत मूळ कंपनाच्या पाचपट कंपनंही चालू असतात, तोच हा स्वर. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. घोडीची वक्र पाठ आणि जवारीचा दोरा यांमुळे तो उठून येतो. घोडीच्या या करामतीवर सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये शोधनिबंध लिहिला होता. मामेबहिणीला मी फ्रिजचं गणित सांगितलं तेव्हा तिने नुसती मान हलवली. गंधार ऐकवल्यावर मात्र तिने तानपुरा माझ्या हातातून काढून घेतला आणि भोपळ्याला कान लावून बसली.