नहपानाचं नाणं आणि आपलं डहाणू

बालमित्रांनो, 'दाम करी काम' ही म्हण तुम्ही ऐकली असेलच. पण हा 'दाम' मूळचा ग्रीसचा, हे ठाऊक आहे का? ग्रीक लोक चांदीच्या नाण्याला 'ड्राख्मे' म्हणत. त्याचं संस्कृतात झालं 'द्रम्म', आणि घासत घासत उरला दाम!

अथेन्सच्या नाण्यावर घुबड असे. आपल्याकडे मात्र ते घुबड नव्हे, तर वायव्येकडच्या ग्रीक राजांची नाणी पोचली. त्यांतला मिनँडर म्हणजे बौद्ध ग्रंथांतला मिलिंद. त्याच्या नाण्यावर एका बाजूला ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला खरोष्ठी. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय, की मिनँडरचे जुने ड्राख्मे भडोचच्या बंदरात अजूनही चालतात. भडोच म्हणजे तलासरीची हद्द ओलांडून गुजरातेत सरळ वर गेलं की लागणारं गाव.

लोकांच्या हाताला हे नाणं सरावलेलं होतं. म्हणून क्षहरात घराण्याच्या नहपान राजानेही तसंच नाणं पाडलं. जेमतेम दोन ग्रॅमची चांदी, वर राजाचा मुखवटा, भोवती ग्रीक अक्षरं. उलट बाजूला बाण आणि वज्र, आणि तोच मजकूर ब्राह्मी व खरोष्ठीत.

या नहपानाचा जावई उषवदात. त्याचा लेख नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्याच्या ओसरीत कोरलेला आहे. त्यात त्याने कुठल्या नद्यांवर लोकांना फुकट नावा ठेवल्या, ते सांगितलंय. त्या यादीत तापी आहे, दमणा म्हणजे दमणगंगा आहे, आणि चक्क 'डाहनुका' आहे. होय, आपलं डहाणू! दुसऱ्या एका लेखात त्याने विणकरांच्या श्रेणींकडे ३,००० कार्षापण व्याजाने ठेवल्याची नोंद आहे. व्याजाचा दरसुद्धा दगडात कोरलाय. बँकेचं पासबुकच म्हणा ना!

आता खरी गंमत ऐका. १९०६ साली नाशिकजवळच्या जोगलटेंभी गावी चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. किती नाणी? तेरा हजारांहून जास्त! सगळी नहपानाची. पण त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर दुसराच छाप हाणलेला. तो गौतमीपुत्र सातकर्णीचा. नहपानाच्या नाकाडोळ्यांवरच त्याने आपली चिन्हं ठोकली होती. सातवाहनांनी क्षहरातांना हरवलं, याचा याहून बोलका पुरावा कुठला? पण विचार करा, ती नाणी सापडल्या दिवशीच एकेक करून सोनाराच्या मुशीत गेली असती तर? चांदीचे चार पैसे मिळाले असते आणि पुरावा वितळला असता.

म्हणून आईबाबांनाही हे वाचून दाखवा. शेतात नांगरताना, पाया खणताना जुनी नाणी मिळाली तर ती वाटून घ्यायची नाहीत, विकायचीही नाहीत. १८७८ च्या गुप्तधनाच्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, आपल्याला पालघरला. चिंच किंवा राख लावून घासू तर मुळीच नका. घासलं की अक्षरं जातात. कुठे, किती खोलवर, कशाबरोबर मिळालं, हे मात्र वहीत लगेच टिपून ठेवा.

बाजारात 'प्राचीन ग्रीक' म्हणून मिळणाऱ्या नाण्यांपासून जरा जपून, बरं का. खरं नाणं हातोड्याने ठोकलेलं असतं, त्यामुळे छाप बहुधा थोडा सरकलेला असतो आणि दोन नाणी हुबेहूब सारखी नसतात. साच्यात ओतलेल्या नकलेच्या कडेला पुष्कळदा जोडाची बारीक रेघ दिसते.

संग्रह सुरू करायला ग्रीक चांदीच हवी असं थोडंच आहे? आजीच्या डब्यात १९४३ चा भोकाचा पैसा आहे का बघा. नाणं कडेला धरा, भिंगाखाली ठेवा. आणि नाशिकला गेलात तर त्र्यंबकच्या वाटेवर अंजनेरीला नाण्यांचं संग्रहालय आहे, तिथे जा. पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढायलाही विसरू नका. दहाव्या लेण्याच्या ओसरीत उभे राहिलात, की 'डाहनुका' कुठे लिहिलंय ते शोधा!