घर पडले तर पाच लाख, गळले तर शून्य

1,20,000 आणि 6,500. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या 2022 ते 2026 या काळासाठीच्या निकषांतले हे दोन आकडे. सपाट प्रदेशात घर पूर्ण पडले किंवा राहण्याजोगे उरले नाही, तर पहिली रक्कम मिळते. पक्क्या घराची किमान 15 टक्के पडझड झाली, तर दुसरी. पहिली दुसरीच्या जवळपास साडेअठरा पट आहे. पडझड 14 टक्के असेल तर काहीच नाही. ती पूर, वादळ, भूकंप अशा आपत्तीने झालेली असावी लागते, म्हणून तीस वर्षे जुन्या स्लॅबमधून दर पावसाळ्यात पाणी ठिबकत असेल, तर हे निकष लागूच होत नाहीत.

कमी उत्पन्नाच्या कुटुंबाचे स्वतःचे घर दुरुस्त करायला सरकारने पैसे द्यायचे झाले, तर ते कसे मोजायचे, कसे वाटायचे आणि कामाची खात्री कशी करायची, हा प्रश्न या दोन आकड्यांत दडलेला आहे. बंगळूर हे त्याचा विचार करायला योग्य शहर आहे. एक तर तिथे जुन्या, दाटीच्या, कागदपत्रे अपुरी असलेल्या घरांची मोठी वस्ती आहे. दुसरे म्हणजे कर्नाटकातल्या निपाणी-चिकोडीच्या पूरग्रस्त घराचा हप्ताही तिथल्याच राजीव गांधी ग्रामीण वसती निगमाच्या संगणकातून सुटतो.

टंचाई घरांची की धड घरांची?

केंद्र सरकारच्या तांत्रिक गटाने 2012 मध्ये शहरी भारतातली घरांची टंचाई 1 कोटी 87 लाख 80 हजार इतकी काढली. या आकड्याची फोड केली की चित्र बदलते. बेघर कुटुंबे 5.3 लाख, म्हणजे जेमतेम 3 टक्के. निरुपयोगी कच्ची घरे 9.9 लाख. जुनी, मोडकळीला आलेली घरे 22.7 लाख. उरलेली 1 कोटी 49 लाख 90 हजार कुटुंबे, म्हणजे जवळपास 80 टक्के, फार दाटीने राहणारी. म्हणजे बहुतेकांच्या डोक्यावर छप्पर होते, पण ते अपुरे होते किंवा गळत होते. यातल्या मोठ्या हिश्शाला नवी वसाहत नको असते. त्यांना एक खोली वाढवून हवी असते, पत्रा बदलायचा असतो, भिंतीला आधार द्यायचा असतो.

योजना मात्र उलट दिशेने गेल्या. ग्रामीण भागातल्या इंदिरा आवास योजनेत 1999 पासून कच्चे घर सुधारण्यासाठी वेगळी रक्कम होती आणि निधीचा पाचवा हिस्सा त्यासाठी राखलेला होता. सपाट प्रदेशातले दर असे बदलत गेले:

- 1999: नवे घर 20,000, सुधारणा 10,000
- 2004: नवे घर 25,000, सुधारणा 12,500
- 2008: नवे घर 35,000, सुधारणा 15,000
- 2016, प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण): नवे घर 1,20,000, सुधारणेसाठी वेगळी रक्कम नाही

नव्या घराच्या निम्मी असलेली दुरुस्तीची रक्कम आधी 43 टक्क्यांवर आली आणि मग नाहीशी झाली. शहरांमध्ये 2001 च्या वाल्मीकी आंबेडकर आवास योजनेतही सुधारणेची मर्यादा नव्या घराच्या निम्मी होती.

2015 च्या प्रधानमंत्री आवास योजनेने (शहरी) एक खिडकी उघडी ठेवली. 21 चौरस मीटरपेक्षा लहान घर असेल, तर किमान 9 चौरस मीटर वाढवून ते 30 पर्यंत नेण्यासाठी केंद्राचे दीड लाख मिळत. नवे 30 चौरस मीटरचे घर बांधणाऱ्यालाही तेवढेच दीड लाख. म्हणजे नव्या घराला चौरस मीटरमागे 5,000 आणि वाढीव बांधकामाला 16,667 रुपये. कागदावर हा दर उदार होता. पण मोजले जाई ते वाढलेले क्षेत्रफळ. जागा नसल्यामुळे ज्याला एक फूटही वाढवता येत नसे, फक्त सडलेला पत्रा बदलायचा असे, तो या खिडकीपाशी पोचत नसे.

एकच नदी, तीन दर

जुलै 2021 मध्ये कृष्णेला आणि तिच्या उपनद्यांना 2019 नंतर पुन्हा पूर आला. शिरोळ तालुक्यातले घर महाराष्ट्राच्या आदेशाप्रमाणे मोजले गेले, पलीकडे चिकोडीतले कर्नाटकाच्या. पाणी तेच, माती तीच, बऱ्याच घरांतली भाषाही तीच. दोन्ही राज्यांनी केंद्राच्या निकषांवर आपली भर घातली होती. त्या वेळी लागू असलेल्या जुन्या केंद्रीय निकषात पूर्ण पडलेल्या घराला 95,100 आणि 15 टक्के पडझडीला 5,200 रुपये होते.

पक्क्या घराचे हिशेब असे होते:

- 20 टक्के पडझड: केंद्र 5,200, महाराष्ट्र 15,000, कर्नाटक 50,000
- 30 टक्के पडझड: केंद्र 5,200, महाराष्ट्र 25,000, कर्नाटक दुरुस्तीसाठी 3 लाख आणि पाडून बांधल्यास 5 लाख
- पूर्ण पडलेले घर: केंद्र 95,100, महाराष्ट्र दीड लाख, कर्नाटक 5 लाख

वरवर पाहता कर्नाटक उदार आणि महाराष्ट्र हात आखडता घेणारा. पण प्रशासनाच्या दृष्टीने रकमेपेक्षा पायऱ्यांची उंची महत्त्वाची. महाराष्ट्रात 15, 25 आणि 50 टक्क्यांवर पायऱ्या होत्या, त्यावर पूर्ण पडझड. 24 टक्क्यांवरून 25 वर गेले की 10,000 रुपये वाढत. कर्नाटकात 15 ते 25 टक्के ‘सी’, 25 ते 75 ‘बी’ आणि त्यापुढे ‘ए’. तिथे 24 चे 26 झाले की 50,000 चे 3 लाख होत. एका भिंतीच्या तड्याची किंमत अडीच लाख.

अशा ठिकाणी पाहणी करणाऱ्यावर किती दबाव येत असेल, हे सांगायला नको. महसूल खाते, पंचायत आणि अभियंता एकत्र येऊन पाहणी करतात, तरी मातीच्या भिंतीची पडझड 24 टक्के की 26 टक्के हे कोणत्याही टेपने निर्विवाद ठरत नाही. ‘सी’ची ‘बी’ करून घेण्याचे अर्ज, फेरपाहणी आणि तक्रारी या रचनेतच पेरलेल्या आहेत.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. ‘बी’ गटात दुरुस्तीला 3 लाख आणि पाडून बांधायला 5 लाख, म्हणजे उभे घर पाडण्यासाठी सरकार 2 लाख जादा देत होते. 60 टक्के मोडलेल्या घरात ते योग्यही असेल. पण 30 टक्के मोडलेल्या घराचा मालकही तोच हिशेब करतो. मग त्याच्या नशिबी अर्धवट बांधकाम, हप्त्याची वाट आणि भाड्याची खोली येते.

2019 च्या पुरात 2 लाख 47 हजारांच्या आसपास घरांचे नुकसान झाल्याचे कर्नाटक सरकारने सांगितले होते आणि एकूण नुकसानीचा आकडा 35,160 कोटी दिला होता. इतक्या घरांना तीन गटांत बसवणे हे मोजमापाचे काम राहत नाही, तो निवाडा होतो.

बंगळुरातला खात्याचा अडसर

पूर नसताना, साध्या झिजण्याने मोडलेल्या घराचे काय? बंगळूर महापालिकेच्या ‘ओंटी मने’ योजनेत अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबांना स्वतःच्या जागेवर घर बांधायला 5 लाखांपर्यंत अनुदान मिळत आले. पैसे पाया, लिंटल, छत आणि अंतिम काम अशा टप्प्यांवर सुटतात. हे टप्पे नव्या बांधकामाचे आहेत. गळती बंद करण्याला पाया आणि लिंटल कुठून येणार?

दुसरा अडसर कागदाचा. 2007 मध्ये सात नगरपरिषदा, एक नगरपालिका आणि 110 गावे जोडून बृहत् बंगळूर महानगरपालिका झाली. महसुली जमिनीवर पाडलेल्या लहान भूखंडांवरची घरे ‘बी’ खात्यात, म्हणजे पालिकेच्या दुय्यम कर-नोंदीत, गेली. कर भरता येतो, पण बांधकामाचा नकाशा रीतसर मंजूर होत नाही. आपत्ती निधीची अट अशी की घर अधिकृत असल्याचे सक्षम अधिकाऱ्याने प्रमाणित करावे. 20 बाय 30 फुटांच्या, म्हणजे सुमारे 56 चौरस मीटरच्या भूखंडावर वीस वर्षे राहणारे कुटुंब कर भरणारे नागरिक आहे आणि मदतीसाठी अपात्रही आहे.

सप्टेंबर 2021 मध्ये लक्कसंद्र भागातली तीन मजली इमारत कोसळली. आतले लोक वेळीच बाहेर पडले. त्यानंतर धोकादायक इमारतींच्या पाहणीची चर्चा झाली. पालिका अशा मालकाला नोटीस देऊ शकते, घर रिकामे करवू शकते, पाडू शकते. त्या नोटिशीसोबत गरीब मालकाला दुरुस्तीचा पैसा देण्याची सोय मात्र नसते. म्हणून तडा लपवणे हे त्याच्या दृष्टीने शहाणपणाचे ठरते.

सप्टेंबर 2025 पासून महापालिकेच्या जागी बृहत् बंगळूर प्राधिकरण आणि पाच महापालिका आल्या. पाच कार्यालयांनी पाच तऱ्हेचे अर्ज आणि निकष काढण्याआधी दुरुस्तीचा एक समान नमुना ठरवायची हीच वेळ आहे.

दुरुस्ती का टाळली जाते: एक हिशेब

प्रशासन दुरुस्तीपासून दूर पळते, त्यामागे साधे गणित आहे. समजा 100 कोटी रुपये आहेत. घरामागे 5 लाख दिले तर 2,000 घरे होतात. प्रत्येक घराला चार भेटी धरल्या, तर 8,000 भेटी. तेच पैसे 50,000 च्या दुरुस्त्यांना दिले, तर 20,000 घरे. प्रत्येकी दोनच भेटी, एक अंदाजपत्रकासाठी आणि एक काम झाल्यावर, तरी 40,000 भेटी.

एक अभियंता दिवसाला चार घरे पाहतो आणि वर्षात 250 दिवस काम करतो असे धरू. वर्षाला 1,000 भेटी झाल्या. नव्या घरांना 8 अभियंते पुरतात, दुरुस्तीला 40 लागतात. एका अभियंत्यावर वर्षाला 10 लाख खर्च धरला, तर पहिल्या वाटेने 80 लाख, दुसऱ्या वाटेने 4 कोटी. पाचपट खर्च पाहून कुठलाही अधिकारी पहिली वाट धरेल. त्यातून घर बांधल्याचा फोटो आणि आकडा मिळतो. बुजवलेल्या गळतीचे उद्घाटन होत नाही.

पण हिशेब इथे थांबवला तर तो अर्धवट राहतो. 4 कोटी म्हणजे 100 कोटींचे 4 टक्के. प्रधानमंत्री आवास योजनेत (शहरी) क्षमतावाढ, प्रसिद्धी आणि प्रशासनासाठी 5 टक्के रक्कम आधीच राखून ठेवलेली होती. म्हणजे दहापट कुटुंबांपर्यंत पोचणारी योजना, आजवर मान्य असलेल्या प्रशासकीय खर्चाच्या चौकटीत बसते. जास्तीचे 3 कोटी 20 लाख 18,000 जास्त कुटुंबांवर विभागले, तर घरामागे 1,778 रुपये पडतात.

टक्क्यांऐवजी कामाची यादी

दुरुस्ती मोजण्याचे इतर मार्ग आहेत. मुंबईत 1969 च्या कायद्याने जुन्या भाडेकरू इमारतींवर उपकर बसवून दुरुस्ती मंडळ उभे केले आणि 19,642 इमारती त्याच्या कक्षेत आल्या. तिथे दुरुस्तीचा खर्च चौरस मीटरमागे मर्यादित असतो. ती मर्यादा ओलांडली तर फरक रहिवाशांनी भरावा किंवा पुनर्रचना व्हावी. नियम कठोर आहे, पण दुरुस्तीसाठी कायम निधी आणि कायम अभियंते ठेवता येतात हे त्याने दाखवले.

तामिळनाडूने 2024 मध्ये 2000-01 पूर्वी सरकारी योजनांतून बांधलेल्या सुमारे अडीच लाख ग्रामीण घरांच्या दुरुस्तीसाठी 2,000 कोटींची योजना जाहीर केली. घरामागे सरासरी 80,000. पूर यायची वाट न पाहता, वयानुसार घरे निवडली.

अमेरिकेच्या कृषी खात्याच्या ग्रामीण गृहदुरुस्ती योजनेत गरीब मालकाला 1 टक्का व्याजाने 20 वर्षांसाठी 40,000 डॉलरपर्यंत कर्ज मिळते. 62 किंवा त्याहून जास्त वयाच्या आणि कर्ज फेडू न शकणाऱ्याला 10,000 डॉलरपर्यंत अनुदान. अनुदान आरोग्य आणि सुरक्षेला धोका असलेल्या कामांसाठीच, आणि तीन वर्षांच्या आत घर विकले तर ते परत करायचे. इथे पडझडीचे टक्के कोणी मोजत नाही. कोणते काम करायचे, ते मोजले जाते.

बंगळूरच्या पाच महापालिकांना यातून एक चौकट करता येईल. छप्पर, भिंत, वीजजोडणी, शौचालय आणि मलनिस्सारण अशी कामांची यादी, प्रत्येकाचा सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरसूचीप्रमाणे दर. त्यामुळे 24 आणि 26 टक्क्यांचा वाद उरत नाही; चार पत्रे बदलले तर चारांचे पैसे. गवंड्याची मजुरी दिवसाला हजार धरली, तर निकषातले 6,500 त्याच्या सहा-साडेसहा दिवसांतच संपतात, साहित्याला काही उरत नाही. म्हणून निम्मी रक्कम साहित्यासाठी आधी आणि निम्मी काम झाल्यावर द्यावी. मालकीच्या पुराव्याऐवजी दहा वर्षांच्या कराच्या पावत्या, वीजबिल किंवा हक्कपत्र चालावे. दुरुस्तीचा पैसा मिळाला म्हणून बांधकाम अधिकृत ठरत नाही, हे आदेशातच लिहावे, म्हणजे खात्याचा प्रश्न स्वतंत्रपणे सुटेल. तीन वर्षांत विक्री झाल्यास वसुलीची नोंद खात्यावर असावी.

अशा यादीने फसवणूक संपणार नाही. पत्रे बदलल्याचा खोटा फोटोही येईल. फरक इतकाच की एका खोट्या पत्र्यामागे काही हजार रुपये जातात, एका खोट्या टक्क्यामागे अडीच लाख. जिथे चुकीची किंमत लहान, तिथे तपासणी नमुना पद्धतीने भागते आणि प्रत्येक घराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावे लागत नाही.